पैसा केंद्राचा, जाब शाळेला : अमेरिकेच्या ‘टायटल वन’चे टीकात्मक वाचन

या टिपणात आपण एक कायदा वाचणार आहोत. कायद्याची भाषा रुक्ष असते, म्हणून आपण मूळ मजकूर टाळतो आणि बातम्यांवर भागवतो. पण कोणाला ‘करावे लागेल’ म्हटले आहे आणि कोणाला ‘करता येईल’, कोणते कलम शिक्षेने संपते आणि कोणते नुसत्या अहवालाने, एवढे जरी पाहिले तरी कायदा करणाऱ्यांचा विश्वास कोणावर होता आणि संशय कोणावर, हे कळून येते.

कायदा अमेरिकेतला आहे. गरीब वस्त्यांतल्या शाळांना केंद्र सरकारने पैसा द्यायचा आणि मुले शिकली की नाही याचा हिशेब मागायचा, असा त्याचा गाभा. भारतातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी तो का वाचावा? कारण पाच-सात वर्षांनी तुमच्यापैकी काही जण कुठल्या ना कुठल्या खात्यासाठी शाळांची, दवाखान्यांची किंवा गावांची क्रमवारी लावणारे सॉफ्टवेअर लिहीत असतील. तळाचे पाच टक्के वेगळे काढणारी एक ओळ तुम्ही लिहाल आणि पुढच्या कामाला लागाल. त्या ओळीखाली आलेल्या शाळेचे पुढे काय होते, हे या कायद्याच्या साठ वर्षांच्या इतिहासात नीट पाहता येते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. या कायद्याने जाब विचारण्याची हत्यारे वरचेवर धारदार केली, पण ती रोखली शाळेवर, मुख्याध्यापकावर आणि वर्गातल्या शिक्षकावर. शाळाशाळांत शिक्षक आणि पैसा जो वाटतो, त्याला विचारायचा सर्वांत सरळ प्रश्न मात्र कायद्याने स्वतःच बोथट करून ठेवला.

पैशाची रचना

अमेरिकेत शाळा चालवते ते ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’. आपला महसुली जिल्हा डोळ्यांसमोर आणू नका. हे स्थानिक मंडळ असते, बहुतेक ठिकाणी निवडून आलेले, आणि त्याचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता करावर अवलंबून असते. पुढे आपण त्याला ‘शाळा-मंडळ’ म्हणू. घरांच्या किमती जास्त तर शाळेचा पैसा जास्त, असा हा सरळ हिशेब.

तो किती टोकाला जातो हे टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराच्या १९६७-६८ च्या आकड्यांत दिसते. हे आकडे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच आहेत. एजवूड हे गरीब, बहुसंख्य मेक्सिकन-अमेरिकन वस्तीचे मंडळ. तिथे दर विद्यार्थ्यामागे स्थानिक करातून २६ डॉलर, राज्याकडून २२२ आणि केंद्राकडून १०८, असे एकूण ३५६ डॉलर येत. त्याच शहरातल्या सधन अलामो हाइट्समध्ये स्थानिक ३३३, राज्याचे २२५ आणि केंद्राचे ३६, एकूण ५९४. आता यातली खोच पाहा. एजवूडचा कराचा दर जास्त होता. शंभर डॉलरच्या मालमत्तेवर एजवूडचे लोक १ डॉलर ५ सेंट भरत होते आणि अलामो हाइट्सचे ८५ सेंट. गरिबांनी खिशाला जास्त चाट लावून घेतली तरी हातात कमी आले, कारण मुळात मालमत्तेलाच किंमत नव्हती.

एजवूडच्या पालकांनी यावर दाद मागितली. सॅन अँटोनिओ विरुद्ध रॉड्रिग्ज या खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही आणि ही विषमता घटनेचा भंग करत नाही. त्यामुळे केंद्राच्या पातळीवर न्यायालयाचा दरवाजा बंद झाला. उरला तो केंद्राचा पैसा, म्हणजे वरच्या हिशेबातले ते १०८ आणि ३६ डॉलर. तिन्ही खात्यांपैकी गरीब मंडळाकडे जास्त झुकलेले खाते एवढे एकच आहे.

त्या केंद्रीय मदतीतला गरीब मुलांसाठीचा मुख्य प्रवाह म्हणजे ‘टायटल वन’. एलिमेंटरी अँड सेकंडरी एज्युकेशन ॲक्ट या कायद्याचा हा पहिला भाग. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ११ एप्रिल १९६५ रोजी टेक्सासमधल्या आपल्या लहानपणच्या एकखोली शाळेजवळ त्यावर सही केली. राजकारणात येण्यापूर्वी, १९२८ च्या सुमारास, कोटुला या गावी मेक्सिकन-अमेरिकन मुलांना त्यांनी शिकवले होते. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. आपण रचनेबद्दल बोलत आहोत.

वाटपाचे सूत्र आज चार उपसूत्रांचे आणि बरेच किचकट आहे. तुम्हाला दोन गोष्टी कळल्या तरी पुरे. एक, मंडळातल्या गरीब मुलांची संख्या गुणिले त्या राज्याच्या दर-विद्यार्थी खर्चाचे ४० टक्के, हा त्याचा पाया आहे. म्हणजे जे राज्य आधीच जास्त खर्च करते, तिथल्या गरीब मुलामागे केंद्रही जास्त देते. कमाल-किमान मर्यादा आहेत, तरी मिसिसिपीतले गरीब मूल या सूत्रात न्यूयॉर्कमधल्या गरीब मुलापेक्षा ‘स्वस्त’ ठरते. दोन, सगळा टायटल वन मिळून अलीकडे वर्षाला अठरा अब्ज डॉलरच्या आसपास जातो. आकडा मोठा वाटतो, पण कोविडकाळातली खास मदत सोडली तर केंद्राच्या सगळ्या योजना मिळून शालेय खर्चातला वाटा दहा टक्क्यांच्या आतबाहेरच राहिला आहे. हा दहा टक्के आकडा लक्षात ठेवा. त्याच्या जोरावर पुढे शंभर टक्के निकाल मागितला जाणार आहे.

१९६९ चा प्रश्न आणि त्याला पडलेले भोक

कायद्याला चार वर्षे होतात न होतात तोच रूबी मार्टिन आणि फिलिस मॅक्लुअर या दोघींनी एक अहवाल तयार केला. केंद्राचेच लेखापरीक्षणाचे कागद वाचून त्यांनी दाखवून दिले, की गरीब मुलांसाठी म्हणून आलेला पैसा अनेक मंडळे सरसकट सगळ्या शाळांवर उधळत आहेत, किंवा जो खर्च स्वतःच्या तिजोरीतून करायचा तो या पैशातून भागवत आहेत. केंद्राने शंभर दिले की मंडळाने आपले शंभर गुपचूप काढून घ्यायचे. मुलाच्या ताटात पडणारे तेवढेच.

याला उत्तर म्हणून १९७० मध्ये दोन अटी आल्या. पहिली : केंद्राचा पैसा भर म्हणून वापरा, बदली म्हणून नको. दुसरी अट ‘तुल्यतेची’. केंद्राचा पैसा बाजूला ठेवून पाहिले, तर मंडळाने आपल्या गरीब आणि बिगरगरीब शाळांना राज्याच्या व स्थानिक पैशातून साधारण सारख्या सेवा दिलेल्या असल्या पाहिजेत. पाया आधी सपाट करा, मग त्यावर केंद्राची वीट ठेवा. माझ्या मते संपूर्ण कायद्यातले हे सर्वांत शहाणपणाचे कलम आहे, कारण इथे जाब मंडळाला विचारला आहे. मूल काय शिकले हा प्रश्न इथे नाही. तुम्ही त्याला काय दिलेत, हा आहे.

पण तुल्यता मोजायची कशी? कायदा सांगतो, की शिक्षकाच्या सेवाज्येष्ठतेमुळे पगारात पडणारा फरक या हिशेबात धरायचा नाही. सगळे पाणी या एका वाक्यातून गळते.

एक कल्पित उदाहरण करून पाहू. एकाच मंडळात दोन शाळा, प्रत्येकी ५०० विद्यार्थी आणि २५ शिक्षक. दोन्हीकडे वीस मुलांमागे एक शिक्षक, म्हणजे कायद्याच्या लेखी तुल्यता पूर्ण. पहिली शाळा बऱ्या वस्तीत आहे. तिथे जुने शिक्षक टिकतात आणि सरासरी पगार ७५,००० डॉलर पडतो. दुसरी गरीब वस्तीत. तिथे दर दोन-तीन वर्षांनी शिक्षक बदलतात, बरेचसे नवखे, सरासरी पगार ५२,०००. पहिल्या शाळेचा पगारखर्च १८,७५,००० आणि दुसरीचा १३,००,००० डॉलर. फरक ५,७५,००० चा, म्हणजे दर विद्यार्थी १,१५० डॉलर. आता समजा दुसऱ्या शाळेला टायटल वनमधून दर विद्यार्थी ५०० डॉलर मिळाले. एकूण अडीच लाख. ते मिळूनही ती पहिलीपेक्षा सव्वातीन लाखांनी मागेच आहे. केंद्राची वीट सपाट पायावर ठेवलेली नाही. ती खड्ड्यात पडली आहे, आणि कागदोपत्री सारे बरोबर आहे.

उदाहरण कल्पित असले तरी प्रकार कल्पित नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की टायटल वन घेणाऱ्या ४० टक्क्यांहून अधिक शाळांमध्ये कर्मचाऱ्यांवरचा राज्य व स्थानिक पैशातला दर-विद्यार्थी खर्च त्याच मंडळातल्या, त्याच स्तराच्या बिगर-टायटल वन शाळांपेक्षा कमी होता.

या सवलतीच्या बाजूनेही बोलता येते. जुना शिक्षक म्हणजे चांगला शिक्षक असे समीकरण नाही. पगार सारखा करायचा म्हणून पंचवीस वर्षे एका शाळेत काढलेल्या बाईंना शहराच्या दुसऱ्या टोकाला सक्तीने पाठवले तर त्या बहुधा नोकरीच सोडतील. बदल्यांचे नियम संघटनांशी झालेल्या करारांत असतात आणि ते मोडायचे तर मंडळाला संपाला तोंड द्यावे लागते. हे सगळे खरे आहे. तरीही पगार सारखे करता येत नसतील तर उरलेल्या रकमेतून त्या शाळेला दोन शिक्षक जास्त द्या, समुपदेशक द्या, गणितासाठी छोट्या तुकड्या करा, एवढे तरी मंडळाला सांगता आले असते. ओबामा प्रशासनाने ऑगस्ट २०१६ मध्ये, भर-बदलीच्या अटीचा आधार घेऊन, प्रत्यक्ष डॉलर मोजायला लावणारा नियम प्रस्तावित केला होता. राज्ये, मंडळे, शिक्षक संघटना आणि सिनेटमधील शिक्षण समितीचे अध्यक्ष लमार अलेक्झांडर या सर्वांनी विरोध केला. जानेवारी २०१७ मध्ये तो मागे घेतला गेला. पगाराचे कलम आजही जागेवर आहे.

जाब खाली वळतो

वरच्या बाजूला भोक तसेच ठेवून खालच्या बाजूला कायदा किती कठोर झाला, हे आता पाहू. जॉर्ज बुश यांनी ८ जानेवारी २००२ रोजी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या नावाने याच कायद्याच्या नव्या आवृत्तीवर सही केली. तिसरी ते आठवी दरवर्षी आणि माध्यमिकच्या वरच्या टप्प्यात एकदा वाचन व गणिताची चाचणी. निकाल केवळ शाळेचा नको, तर गरीब, कृष्णवर्णीय, लॅटिनो, अपंग, इंग्रजी नव्याने शिकणारी, अशा प्रत्येक गटाचा वेगळा हवा. प्रत्येक गटाने दरवर्षी ठरलेली पायरी चढायची आणि २०१३-१४ पर्यंत सर्वच्या सर्व मुले ‘प्रवीण’ व्हायची.

गटवार निकालाची अट ही या कायद्याची खरी कमाई आहे. चांगल्या सरासरीच्या पांघरुणाखाली कोण झाकले गेले आहे, ते तिच्यामुळे बाहेर आले. थॉमस डी आणि ब्रायन जेकब यांच्या २०११ च्या अभ्यासात चौथीच्या गणितात या कायद्यामुळे ठळक सुधारणा आढळली. वाचनात मात्र आढळली नाही. म्हणजे हत्यार अगदीच निरुपयोगी नव्हते.

आता त्याची घडण पाहा. विश्वसनीयतेच्या तासाला तुम्ही मालिकेत जोडलेल्या घटकांचे गणित केले असेल. एक घटक बंद पडला की सारी यंत्रणा बंद. हा कायदा तसाच जोडलेला होता. एका गटाचा एका विषयात पाय घसरला की संपूर्ण शाळा नापास. समजा प्रत्येक कसोटी पार होण्याची शक्यता ९५ टक्के आहे. एकजिनसी वस्तीतल्या शाळेला दोनच कसोट्या असतील तर ती पास होण्याची शक्यता सुमारे ९० टक्के. पाच गट आणि दोन विषय असलेल्या मिश्र शाळेला दहा कसोट्या, आणि तिची शक्यता सुमारे ६०. (या कसोट्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे खरा आकडा वेगळा येईल. दिशा तीच राहते.) दोन्ही शाळांतले शिकवणे तंतोतंत सारखे असले तरी निकाल असा लागतो. ज्या शाळेने जास्त प्रकारची मुले सामावून घेतली, तिला अपयशाच्या वाटा जास्त.

‘प्रवीण’ कोणाला म्हणायचे हे ठरवायचे काम राज्यांकडे सोपवले होते. केंद्राच्या सांख्यिकी केंद्राने राज्यांच्या कटऑफ रेषा राष्ट्रीय चाचणीच्या मोजपट्टीवर मांडल्या तेव्हा त्यांच्यातले अंतर प्रचंड निघाले. एका राज्यात प्रवीण असलेले मूल सीमा ओलांडताच अप्रवीण. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘अटेनमेंट’चे तक्ते भरताना लक्ष्य ६० टक्के ठेवावे की ५५, यावरची चर्चा शिकवण्यावरच्या चर्चेपेक्षा जास्त वेळ चालते, हे मी अनेक बैठकांत पाहिले आहे. त्यामुळे मला याचे फारसे नवल वाटले नाही.

रेषा एकच असली की लक्ष रेषेजवळ जाते. डेरेक नील आणि डायॲन शॅन्झेनबाक यांनी शिकागोच्या आकडेवारीत दाखवले, की नव्या कायद्यानंतर गुण वाढले ते मधल्या मुलांचे. अगदी तळाच्या मुलांच्या पदरात जवळजवळ काहीच पडले नाही. जे मूल यंदा पास होण्याची शक्यता नाही, त्याच्यावर घालवलेला तास शाळेच्या हिशेबात वाया जातो. मागे कोणी राहू नये असे नाव असलेल्या कायद्यात हे घडले.

शिक्षेची शिडीही ठरलेली होती. दोन वर्षे नापास झाल्यास पालकांना मूल दुसऱ्या शाळेत हलवण्याची मुभा. तीन वर्षे झाल्यास टायटल वनच्याच पैशातून बाहेरची शिकवणी. पुढे अभ्यासक्रम किंवा कर्मचारी बदलणे, आणि शेवटी शाळेची ‘पुनर्रचना’. मंडळांवरही ठपका ठेवण्याची तरतूद होती, पण लोकांना दिसायची ती शाळेच्या दारावरची पाटी. आणि एक बारीक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते : नापासाचा शिक्का सगळ्याच सार्वजनिक शाळांवर बसू शकत होता, पण केंद्राने सांगितलेली ही शिडी फक्त टायटल वनचा पैसा घेणाऱ्या शाळांना लागू होती. तेवढेच गुण मिळवणारी, हा पैसा न घेणारी शाळा शिडीबाहेर. मदत घेतली, ही शिक्षेला पात्र होण्याची पहिली अट.

दाब वाढला की गळती होते. अटलांटात ती सर्वांत मोठी झाली. २००९ च्या राज्य चाचणीच्या उत्तरपत्रिकांवर चुकीचे उत्तर खोडून बरोबर केल्याच्या खुणा अविश्वसनीय प्रमाणात सापडल्या. राज्याच्या तपास अहवालात, जुलै २०११ मध्ये, ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावे आली. एप्रिल २०१५ मध्ये अकरा जणांना दोषी ठरवले गेले, तेही संघटित गुन्हेगारीसाठी केलेल्या कायद्याखाली. त्यांचा बचाव करण्याचे कारण नाही. ज्या मुलांचे गुण वाढवले गेले त्यांना आपल्याला वाचता येत नाही हे कोणी सांगितलेच नाही, आणि जादा शिकवणीचा हक्कही गेला. पण त्याच मंडळाच्या अधीक्षकांना २००९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर वर्षातील सर्वोत्कृष्ट अधीक्षक म्हणून गौरवले गेले होते, हेही त्या गोष्टीतच येते.

२०१४ जवळ आले तेव्हा शंभर टक्क्यांचे लक्ष्य गणिताच्या नियमानेच कोसळू लागले. २०११ मध्ये देशातल्या जवळपास निम्म्या शाळा नापास ठरल्या. संसद कायदा दुरुस्त करेना, म्हणून २०१२ पासून शिक्षण खात्याने राज्यांना अटींसह सूट द्यायला सुरुवात केली. जे लक्ष्य कोणालाच गाठता येणार नव्हते, ते कोणी औपचारिकपणे मागे घेतले नाही. त्याचा अंमल तेवढा थांबला.

मोठा पैसा, मोठी अट

एवढ्या कमी पैशात एवढी अपेक्षा, हा आक्षेप रास्त आहे. मग भरपूर पैसा दिला तर? तोही प्रयोग झाला. मंदीतून सावरण्यासाठीच्या २००९ च्या कायद्याने ‘स्कूल इम्प्रूव्हमेंट ग्रँट’ या योजनेत तीन अब्ज डॉलर ओतले. तळाच्या शाळेला वर्षाला वीस लाख डॉलरपर्यंत, तीन वर्षे. मात्र चार वाटांपैकी एक निवडायची. मुख्याध्यापक काढून निम्म्याहून अधिक कर्मचारी पुन्हा न घेणे, शाळा चार्टर संस्थेकडे देणे, शाळा बंद करणे, किंवा मुख्याध्यापक बदलून शिक्षक-मूल्यमापनासह अंतर्गत सुधारणा करणे. बहुतेकांनी चौथी वाट धरली, कारण ती सर्वांत सौम्य होती.

ऱ्होड आयलंडमधल्या सेंट्रल फॉल्स या छोट्या, अतिशय गरीब शहरात एकच हायस्कूल. वाढीव कामाच्या अटींवर बोलणी फिसकटली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तिथल्या झाडून सगळ्या शिक्षकांना काढण्याचा ठराव झाला. राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे त्याचे समर्थन केले. मे महिन्यात तडजोड होऊन शिक्षक परत आले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ते शहरच दिवाळखोरीत निघाले. शाळेचा कारभार राज्याकडे होता, तेव्हा या दोन घटनांची थेट साखळी जोडू नका. पण ज्या गावाची नगरपालिका दिवे लावायला महाग झाली होती, तिथे अपयशाचे कारण म्हणून सापडले ते शिक्षकच.

योजनेचे राष्ट्रीय मूल्यमापन जानेवारी २०१७ मध्ये आले. पद्धत तुमच्या अभ्यासाची आहे, म्हणून थांबून सांगते. पात्रतेच्या कटऑफच्या किंचित खाली असलेल्या शाळांना अनुदान मिळाले आणि किंचित वर असलेल्यांना नाही. या दोन गटांत एरवी फारसा फरक नसतो, म्हणून पुढे निकालात जी उडी दिसेल ती अनुदानामुळे असे धरता येते. निष्कर्ष : गणित, वाचन, पदवीपर्यंत पोहोचणे, महाविद्यालयात प्रवेश, कशावरही लक्षणीय परिणाम नाही. तोवर सुमारे सात अब्ज डॉलर खर्च झाले होते. “पैसा देऊन काही होत नाही” म्हणणाऱ्यांना हवे ते मिळाले.

इथे सावध राहा. ‘लक्षणीय परिणाम आढळला नाही’ आणि ‘परिणाम शून्य आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. या अभ्यासाची रचना मध्यम आकाराचा परिणाम पकडण्याइतकी संवेदनशील नव्हती, असा आक्षेप थॉमस डी यांनी घेतला. त्यांनीच कॅलिफोर्नियातल्या शाळांवर केलेल्या अभ्यासात सुधारणा दिसली होती. शिवाय पैसा तीन वर्षांचा, आणि त्यातला बराच काळ माणसे काढण्यात आणि शोधण्यात जाणारा. याच्या शेजारी किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन आणि क्लॉडिया पर्सिको यांचा २०१६ चा शोधनिबंध ठेवा. न्यायालयीन आदेशांमुळे ज्या भागांत शालेय खर्च वाढला, तिथली मुले त्यांनी प्रौढ वयापर्यंत पाहिली. बाराही वर्षे खर्च दहा टक्क्यांनी जास्त राहिला, तर गरीब घरातल्या मुलांचे शिक्षण जवळपास अर्ध्या वर्षाने वाढले आणि मोठेपणीची कमाईही वाढली. तिथला पैसा वर्षानुवर्षे येत राहिला. त्यामुळे ‘पैसा की जबाबदारी’ असा वाद कोणी मांडला तर आधी विचारा : कोणता पैसा, किती वर्षे, आणि सोबत कोणाची मान कापायची अट होती?

सध्याचा मजकूर

१० डिसेंबर २०१५ रोजी ओबामांनी ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट’वर सही केली. शंभर टक्क्यांचे लक्ष्य गेले, ठरलेली शिडी गेली, चाचण्या राहिल्या. आता राज्याने तीन वर्षांतून किमान एकदा टायटल वन शाळांपैकी तळाचे पाच टक्के वेगळे काढायचे. शिवाय ज्या हायस्कुलांत दोन-तृतीयांशांहून कमी मुले पदवीपर्यंत पोहोचतात तीही त्यात घ्यायची. राज्याने टायटल वनचे सात टक्के अशा शाळांसाठी राखून ठेवायचे. स्वतंत्र अनुदान योजना बंद झाली.

आधीपेक्षा हे बरेच माणसाळलेले आहे. पण ‘तळाचे पाच टक्के’ ही सापेक्ष कसोटी आहे. सगळ्या शाळा सुधारल्या तरी पाच टक्के तळाशी राहणारच. आणि ज्या शाळा एका वाईट वर्षामुळे तळाशी आल्या, त्यांतल्या काही काही न करताही पुढच्या वेळी वर सरकतात, कारण टोकाचे मोजमाप सरासरीकडे परत येते. मग तिथे राबवलेली योजना यशस्वी म्हणून मिरवते.

आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने या कायद्यात दोन नव्या गोष्टी आहेत. पहिली, प्रत्येक शाळेचा दर-विद्यार्थी खर्च, प्रत्यक्ष पगार धरून, दरवर्षी प्रसिद्ध करायचा, आणि केंद्राचा पैसा वेगळा दाखवायचा. १९७० पासून जे झाकले होते ते पहिल्यांदा कागदावर आले. दुसरी, तळाच्या शाळेसाठी जी सुधारणा योजना करायची, तिच्यात ‘संसाधनांतील विषमता’ शोधून नोंदवायची.

आता क्रियापदे आणि कर्ते पाहा. योजना कोण तयार करते? मंडळ. विषमता कोण शोधते? तेच मंडळ, ज्याने शिक्षक आणि पैसा वाटला. सापडली नाही तर? राज्य त्या मंडळाच्या संसाधनवाटपाचा ‘वेळोवेळी आढावा’ घेईल. सापडली आणि दूर केली नाही तर? त्यापुढे कलम काहीच म्हणत नाही. शाळा मात्र राज्याने ठरवलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त चार वर्षांत, बाहेर पडण्याचे निकष पूर्ण करू शकली नाही, तर तिच्याबाबत राज्याने ‘अधिक कठोर कारवाई’ करावीच लागते. एकाच कायद्यात, काही पानांच्या अंतरावर, हे दोन सूर आहेत.

या विषयावर लघुप्रकल्प करायचा असेल तर कोणत्याही एका राज्याच्या शिक्षण खात्याचा शाळावार खर्चाचा तक्ता उतरवून घ्या आणि एकच मोठे मंडळ निवडा. केंद्राच्या पैशाचा रकाना वजा करा. आडव्या अक्षावर गरीब विद्यार्थ्यांची टक्केवारी, उभ्या अक्षावर उरलेला दर-विद्यार्थी खर्च. प्राथमिक शाळा आणि हायस्कुले एकाच आलेखात मिसळू नका, आणि फक्त अपंग मुलांसाठीच्या विशेष शाळा बाजूला काढा, नाहीतर रेषेचा उतार त्याच ठरवतील. मग तळाच्या पाच टक्क्यांतल्या शाळांचे ठिपके लाल करा आणि ते रेषेच्या वर पडतात की खाली ते मोजा.